वैद्यकीय अभिलेख कर्मचारी

रुग्णालयातील केसपेपर, तपासणी अहवाल, संमतिपत्रे व डिस्चार्ज कार्ड यांची नोंद, जुळणी आणि जतन करणारा कर्मचारी.

कामाचे स्वरूप : केसपेपरच्या खिडकीवर नाव, वय, पत्ता उतरवून घेण्यापासून हे काम सुरू होते. एकाच नावाच्या दोन रुग्णांचे कागद मिसळले, तर एकाची औषधाची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर चढते. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र नोंदणी क्रमांक देतात. रुग्ण घरी गेल्यावर त्याचे कागद अभिलेख कक्षात येतात. तेथे डॉक्टरांच्या सह्या व अंतिम निदान तपासून आजाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातील (आयसीडी) संकेतांक दिला जातो.

नियम व मानके : रुग्णाला वा त्याच्या नातेवाइकांना केसपेपरच्या प्रती नाकारता येत नाहीत, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांनुसार आंतररुग्णांचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावे लागतात व मागणी आल्यास ७२ तासांत द्यावे लागतात. गर्भपाताची नोंदवही गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली गर्भवतीच्या सोनोग्राफीचा ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो आणि तो किमान दोन वर्षे ठेवावा लागतो. त्यातील उणीव ही केवळ कारकुनी चूक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. फॉर्म कर्मचाऱ्याने भरला, तरी जबाबदारी डॉक्टर व केंद्रावर येते.

प्रशिक्षण : पुदुच्चेरीची जिपमर आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज या संस्थांतील अभिलेखविषयक अभ्यासक्रम परिचित आहेत. अशा अभ्यासक्रमांत वैद्यकीय परिभाषा, शरीररचना, रोगसांकेतन, सांख्यिकी व कायदा हे विषय येतात. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय आयोग कायद्याने आरोग्यमाहिती व्यवस्थापक, सांकेतनकार आणि वैद्यकीय सचिव यांना आपल्या अनुसूचीत स्थान दिले. संलग्न व्यावसायिकाच्या पदविकेसाठी वा पदवीसाठी या कायद्याने किमान २,००० तासांचे शिक्षण ठरवले आहे.

महत्त्व : लहान दवाखान्यांत हे काम बहुधा हाताखाली शिकलेली माणसे करतात. त्यांनाही गोपनीयता, अचूक नोंद व रुग्णाशी बोलण्याची रीत यांचे रीतसर शिक्षण मिळायला हवे. कारण पुढचा उपचार, विम्याचा दावा आणि न्यायालयातील पुरावा हे तिन्ही त्यांनी केलेल्या नोंदीवरच उभे राहतात.