१९१९-२० चा हिवाळा : अमेरिकेतील हद्दपारीची मोहीम आणि हिमवादळ

राज्यसंस्थेने केलेल्या जाचाचा इतिहास लिहिताना ऋतुमानाचा उल्लेख बहुधा एखाद्या विशेषणापुरता होतो. ‘कडाक्याच्या थंडीत’ एवढे शब्द लिहून लेखक पुढे जातो, आणि थंडी ही केवळ पार्श्वभूमी ठरते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९१९-२० च्या हिवाळ्यात परकी नागरिकांच्या धरपकडीची आणि हद्दपारीची जी मोहीम झाली तिच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते. तेथे थंडी ही घटनांच्या कारणपरंपरेतील एक दुवा होती. कैद्यांना ती कोणत्या परिस्थितीत सोसावी लागली याची न्यायालयाने नोंद घेतली, आणि त्या नोंदीमुळेच हद्दपारी ही शिक्षा आहे की केवळ प्रशासकीय कारवाई, हा जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. या हिवाळ्याचा त्या दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

१

प्रथम कायद्याची बाजू पाहणे अवश्य आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्ये फाँग यू टिंग या खटल्यात असा निर्णय दिला होता की, हद्दपारी ही गुन्ह्याबद्दलची शिक्षा नव्हे. या निर्णयाचा व्यावहारिक परिणाम फार मोठा होता. जी कारवाई शिक्षा नाही तिच्यासाठी पंचांसमोर खटला नको आणि फौजदारी न्यायातील इतर संरक्षणेही नकोत. आरोप ठेवणारा, चौकशी करणारा आणि निर्णयाची शिफारस करणारा अधिकारी एकाच खात्यातला असला तरी चालेल, असा अर्थ त्यातून निघाला.

या पायावर १६ ऑक्टोबर १९१८ चा कायदा उभा राहिला. बळाचा वापर करून शासन उलथून टाकण्याचा पुरस्कार करणाऱ्या संघटनेचे सभासद असणे एवढेच कारण परकी माणसाला हद्दपार करण्यास पुरेसे ठरले. त्याने स्वतः काय केले हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. पुढील वर्षी एप्रिलमध्ये टपालातून पाठविलेले बाँब सापडले, आणि २ जून १९१९ च्या रात्री अनेक शहरांत स्फोट झाले. त्यांपैकी एक अॅटर्नी जनरल ए. मिचेल पामर यांच्या वॉशिंग्टन येथील घरासमोर झाला. भयाला आधार मुळीच नव्हता असे म्हणता येत नाही. परंतु स्फोट घडवून आणणारे हाती लागले नाहीत. खात्याचा सारा रोख मग ज्यांना शोधणे सोपे होते त्यांच्याकडे, म्हणजे संघटनांच्या सभासद-याद्यांत ज्यांची नावे होती अशा रशियन, पोलिश, लिथुएनियन इत्यादी मजुरांकडे वळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायखात्यात एक स्वतंत्र शाखा निघाली. तिची सूत्रे चोवीस वर्षांच्या जे. एडगर हूव्हर यांच्याकडे देण्यात आली.

येथे एक महत्त्वाचा तपशील ध्यानात ठेवावयास हवा. हद्दपारीचा कायदेशीर अधिकार न्यायखात्याचा नव्हता. तो मजूरखात्याचा होता. वॉरंट मजूरखात्याने काढावयाचे आणि अंतिम आज्ञाही त्यानेच द्यावयाची. १९१९-२० मध्ये जे घडले त्याचे स्वरूप बव्हंशी या दुहेरी व्यवस्थेतून ठरले. धरपकड करणाऱ्या खात्यावर कैद्यांना ठेवण्याची जबाबदारी नव्हती, आणि ज्याच्यावर ती होती त्याची तयारी नव्हती.

२

मोहिमेचा पहिला टप्पा ७ नोव्हेंबर १९१९ रोजी, रशियन क्रांतीच्या दुसऱ्या वर्धापनदिनी, सुरू झाला. ‘रशियन कामगार संघ’ या संस्थेच्या सभास्थानांवर निरनिराळ्या शहरांत छापे घालण्यात आले. यांतील बरेच लोक तेथे इंग्रजी वा अंकगणित शिकण्यास येत असत. २१ डिसेंबरच्या पहाटे ‘ब्यूफर्ड’ नावाचे जुने लष्करी वाहतूक जहाज न्यूयॉर्क बंदरातून २४९ जणांना घेऊन निघाले. एमा गोल्डमन आणि अलेक्झांडर बर्कमन ही प्रसिद्ध नावे त्यांत होती. पण बहुसंख्य मंडळी साधे कामगार होते, आणि काहींची बायकामुले मागे राहिली होती. भर हिवाळ्यात उत्तर अटलांटिक ओलांडून जहाज जानेवारीच्या मध्यास फिनलंडमधील हांको बंदरास लागले, आणि तेथून पहाऱ्यातील आगगाडीने या लोकांना बर्फाच्छादित सरहद्दीवर नेऊन रशियात सोडण्यात आले.

कनेक्टिकट राज्यात पकडलेले सुमारे शंभर लोक हार्टफर्डच्या तुरुंगात होते. त्यांपैकी अनेकजण जवळजवळ पाच महिने तेथेच राहिले. त्यांना भेटावयास आलेल्या परिचितांनाही, भेटावयास येणे हाच पुरावा मानून, अटक झाली. बॉयलरवरच्या तापलेल्या खोल्यांत आपल्याला कोंडले गेले, अशी प्रतिज्ञापत्रे काही कैद्यांनी दिली. अधिकाऱ्यांनी हा आरोप नाकारला.

३

दुसरा आणि मोठा टप्पा २ जानेवारी १९२० च्या रात्रीचा. तीसपेक्षा अधिक शहरांत एकाच वेळी छापे पडले. मजूरखात्याने सुमारे तीन हजार वॉरंटे काढली होती. प्रत्यक्षात पकडलेल्यांची संख्या निरनिराळ्या अभ्यासकांनी चार हजारांपासून दहा हजारांपर्यंत दिली आहे. अंदाजांतील ही तफावतच मोहिमेच्या स्वरूपाची साक्ष देते, कारण वॉरंटाशिवाय पकडलेल्यांची आणि काही तासांनी वा दिवसांनी सोडलेल्यांची व्यवस्थित मोजदाद कोणीच ठेवली नाही. मॅसॅच्युसेट्समधील लिन गावी सहकारी बेकरी काढण्याच्या विचारासाठी जमलेले एकोणचाळीस लोक पकडले गेले. छाप्यांच्या आधी दोनच दिवस, डिसेंबरच्या अखेरीस, चौकशीच्या आरंभीच वकील मिळण्याचा हक्क देणारा नियम बदलण्यात आला होता; जानेवारीच्या अखेरीस तो पूर्ववत झाला, पण तोपर्यंत बहुतेक जबान्या घेऊन झाल्या होत्या.

न्यू इंग्लंडमधील कैद्यांना बेड्या घालून बोस्टनच्या रस्त्यांतून नेण्यात आले, आणि चारशेहून अधिक जणांना बंदरातील डियर आयलंड येथील कारागृहात ठेवण्यात आले. हे त्या काळी खरोखरीचे बेट होते. मुख्य भूमीपासून त्याला वेगळे करणारी चिंचोळी खाडी पुढे १९३८ च्या चक्रीवादळात बुजली. कडक थंडीचे दिवस होते, आणि इतक्या माणसांना एकाएकी ठेवून घेण्याची तयारी झालेली नव्हती. सुरुवातीच्या दिवसांत ऊब देणारी यंत्रणा धड चालत नव्हती; शौचकूपांची, पांघरुणांची, अन्नाची व्यवस्थाही तशीच होती. एका कैद्याने पाचव्या मजल्यावरून उडी घेऊन प्राण दिले. दुसरा एक भ्रमिष्ट झाला. आपला नवरा वा भाऊ कोठे आहे हे कित्येक कुटुंबांना दिवसेंदिवस समजले नाही.

डेट्रॉइटमध्ये थंडीचा प्रश्न वेगळ्या रूपाने आला. तेथे सुमारे आठशे लोकांना सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावरील, खिडक्या नसलेल्या एका बोळात अनेक दिवस डांबण्यात आले. शौचाची सोय एकच होती, आणि झोपणे उघड्या फरशीवर होते. घरच्यांनी आणून दिलेल्या डब्यांवर बहुतेकांचा निर्वाह चालला. शेवटी शहराच्या महापौरांनीच ही परिस्थिती सुसंस्कृत शहराला न शोभणारी असल्याची तक्रार केली.

४

या पार्श्वभूमीवर फेब्रुवारीचे वादळ आले. ४ ते ७ फेब्रुवारी १९२० या चार दिवसांत न्यूयॉर्क शहरात साडेसतरा इंच बर्फ आणि गारठलेल्या पावसाचा थर साचला. केवळ उंचीच्या दृष्टीने हा उच्चांक नव्हता. परंतु बर्फात गोठता पाऊस मिसळल्याने त्याचा दगडासारखा कठीण थर बनला आणि रस्ते व ट्राममार्ग कित्येक दिवस अडून राहिले. ‘प्रिन्सेस ॲन’ ही आगबोट रॉकअवेजवळ वाळूत रुतली. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यालाही या वादळाचा तडाखा बसला. नोव्हेंबर-डिसेंबर १९१९ मधील खाणकामगारांच्या संपाने कोळशाचा पुरवठा आधीच विस्कळित झाला होता, आणि जानेवारीपासून इन्फ्लुएंझाची साथ पुन्हा उसळली होती.

वादळ सर्वांवर सारखेच कोसळते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. पडण्यापुरते ते खरे, सोसण्यापुरते नाही. ज्या घरातील मिळवता पुरुष तुरुंगात होता त्या घरात कोळसा आणावयास कोणी नव्हते, आणि आणण्यास पैसाही नव्हता. जामिनाच्या रकमा मजुराच्या कित्येक महिन्यांच्या वेतनाएवढ्या होत्या. एलिस आयलंड काय किंवा डियर आयलंड काय, दोन्ही स्थाने पाण्याने वेढलेली. भेट, निरोप, कपड्यांचे गाठोडे, वकिलाची फेरी, सारे बोटीवर अवलंबून. अशा वेळी हवामान बिघडले की कायद्याने दिलेला थोडासा अवकाशही आकुंचन पावतो. आणि शहराला मोकळे करण्यासाठी रस्त्यांवर फावडी घेऊन जे लोक उतरत, त्यांत परदेशातून आलेल्या मजुरांचाच भरणा मोठा असे. ज्या वर्गाच्या श्रमांवाचून शहराचा हिवाळा निभत नव्हता त्याच वर्गाला ते शहर संशयाने पाहत होते, ही विसंगती त्या वर्षी विशेष ठळक झाली.

५

या अंधारात प्रतिकार झाला तो मुख्यतः कागदाच्या मार्गाने. फिलाडेल्फियाचे सरकारी वकील फ्रान्सिस फिशर केन यांनी जानेवारीतच निषेधार्थ राजीनामा दिला. मार्चमध्ये मजूरखात्याची सूत्रे काही काळ साहाय्यक मंत्री लुई एफ. पोस्ट यांच्याकडे आली. सत्तरी गाठलेल्या या गृहस्थांनी प्रत्येक कैद्याची कागदपत्रे स्वतः वाचण्यास आरंभ केला. संघटनेचे सभासदत्व त्या माणसाने जाणूनबुजून घेतले होते काय, की एका संस्थेची यादी दुसरीकडे जाताना त्याचे नाव आपोआप वाहून गेले, हा साधा प्रश्न त्यांनी विचारला. एप्रिलच्या सुमारास त्यांनी सुमारे सोळाशे प्रकरणे निकालात काढली होती, आणि त्यांतील सात-दशांशांच्या आसपास वॉरंटे रद्द केली होती. त्यांच्यावर महाभियोग चालविण्याचा प्रयत्न झाला. मे १९२० मध्ये लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे त्यांनी दिलेल्या साक्षीनंतर तो बारगळला. त्याच महिन्यात फेलिक्स फ्रँकफर्टर, झकराया चॅफी, रॉस्को पाउंड यांच्यासह बारा कायदेपंडितांनी न्यायखात्याच्या बेकायदा वर्तनावरील अहवाल प्रसिद्ध केला.

बोस्टनमध्ये कैद्यांच्या हेबियस कॉर्पस अर्जांवर न्यायमूर्ती जॉर्ज डब्ल्यू. अँडरसन यांच्यापुढे एप्रिलमध्ये सुनावणी झाली आणि जून १९२० मध्ये कॉलियर विरुद्ध स्केफिंग्टन हा निर्णय बाहेर पडला. या निर्णयाचे वैशिष्ट्य असे की, त्यात केवळ कलमांचा ऊहापोह नाही. बेड्या, रस्त्यातील मिरवणूक, बेटावरील थंडी, आत्महत्या, ताटातूट, या सर्वांची नोंद न्यायमूर्तींनी वस्तुस्थिती म्हणून घेतली. सरकारी अधिकाऱ्यांचा जमावही बेकायदा वागू लागला की जमावच ठरतो, असा अभिप्राय त्यांनी दिला. १९२२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदत्वासंबंधीचा त्यांचा निष्कर्ष फिरविला. परंतु ही नोंद पुसली गेली नाही. शेवटी जानेवारीतील धरपकडीतून प्रत्यक्ष हद्दपार झालेल्यांची संख्या साडेपाचशेच्या आसपास राहिली.

६

भारतीयांच्या दृष्टीनेही हा प्रसंग परका नाही. १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना, त्यांत भारतीयांनाही, प्रवेश बंद झाला होता. सॅन फ्रान्सिस्को येथील खटल्यात १९१८ मध्ये दोषी ठरलेल्या भारतीय क्रांतिकारकांच्या हद्दपारीच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा १९१९ मध्ये न्यूयॉर्कला ‘फ्रेंड्स ऑफ फ्रीडम फॉर इंडिया’ ही संस्था त्यांच्या बचावार्थ निघाली. युरोपीय मजुराला हद्दपारी म्हणजे घर आणि काम गमावणे. गदर पक्षाच्या भारतीयाला ती म्हणजे ब्रिटिश सत्तेच्या स्वाधीन होणे. अमेरिकेतून स्वेच्छेने परतलेले तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे यांना नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फाशी झाली होती. त्यामुळे हद्दपारी ही शिक्षा नव्हे, या सिद्धान्ताचा पोकळपणा भारतीयांस निराळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

या सर्व विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, कायद्याने जिला शिक्षा म्हटले नाही ती शिक्षा प्रत्यक्षात जागा, वेळ आणि ऋतू यांच्या द्वारे भोगावी लागली. जानेवारीत, रात्री, तयारी नसलेल्या बेटावर माणसे नेण्याचा निर्णय माणसांचा होता. तो निसर्गाच्या माथी मारता येत नाही. दुसरी अशी की, अशा जाचाचे मोजमाप हद्दपार झालेल्यांच्या संख्येवरून करणे चुकीचे होय. साडेपाचशे हा आकडा लहान वाटतो; पण कित्येक हजार लोकांना जे भोगावे लागले ते अंतिम आज्ञेच्या आधीच भोगून झाले होते, आणि ज्यांची वॉरंटे रद्द झाली त्यांना तो हिवाळा कोणी परत दिला नाही. म्हणूनच या विषयाच्या अभ्यासकाने निर्णयांच्या बरोबरीने तारखा, तपमान आणि तुरुंगांच्या नोंदीही वाचल्या पाहिजेत.