मोहरीचा झणका

भिवंडीत मागांची खडखड रात्रंदिवस चालते. पण माझ्या लहानपणी वैशाखात आमच्या घरी तिच्यावर मात करणारा एक आवाज असे. तो आईच्या वरवंट्याचा. ती मोहरी फेसायला बसली, की आम्ही मुले डोळे चोळीत अंगणात पळत असू. आई मात्र नाकाला पदर लावून तशीच बसून राही.

मोहरीचा दाणा मोठा मानी. अख्खा असेतो मुका. तो भरडून पाण्याचा हात लागला, की आतली दोन द्रव्ये एकमेकांना भेटतात आणि झणका उठतो. फार तापला, तर तो मरतो. आपल्या बायकांना ठाऊक असलेले हे मर्म फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातल्या मोहरीवाल्यांनीही ओळखले. बोन गावी १८४० साली निघालेल्या कारखान्यात, फालो यांच्याकडे, मोहरी तापू नये म्हणून अजून दगडी जात्यावर दळतात. शेजारच्या दिजाँ गावी ती पूर्वी कच्च्या द्राक्षांच्या आंबट रसात कालवीत. आपल्याकडे द्राक्षांच्या जागी कैरी!

घरचा हा झणका दुकानात कसा आला, ती कथा गिरगावातली. विश्वनाथ परशराम बेडेकर यांनी तेथे १९१० साली किराणा मालाचे दुकान काढले. १९१७ साली त्यांचे चिरंजीव वासुदेव लोणची-मसाल्यांकडे वळले. काळ ध्यानात घ्या. कोकणातून पोटासाठी आलेली माणसे चाळीतल्या एकेका खोलीत दाटीने राहत. तेथे कैऱ्या पसरायच्या कुठे आणि पाटा मांडायचा कुठे? अशा बिऱ्हाडांना विकतचे लोणचे ही चैन नव्हती. ती गावाकडची आठवण होती.

आईच्या लेखी मात्र विकतचे लोणचे म्हणजे घराला कमीपणा. एका वर्षी पडून तिचे मनगट मोडले. मी दुकानातून लोणचे आणले आणि गुपचूप आमच्या चिनी मातीच्या बरणीत ओतले. पहिल्या घासालाच ती म्हणाली, “मोहरी बरी आहे. कुणी फेसली?”

खरे सांगावे लागले. मला वाटले, आता रागावेल. ती बराच वेळ ताटाकडे पाहत राहिली.

“मग इतकी वर्षं मी एकटीच कशाला रे डोळे गाळीत बसले?”

मला उत्तर सुचले नाही.

पुढल्या वैशाखात पाट्याशी मी बसलो. आई खाटेवरून सांगत होती, “पाणी बेताने घाल.” झणका नाकात गेला, डोळे भरून आले. अंगणात पळावेसे वाटले. पण उठलो नाही.