घड्याळाच्या दुरुस्त्या आणि हरवलेली मुंबई वेळ



इतिहास शिकवताना सनावळ्या पाठ करून घेणे हा आम्हा शिक्षकांचा आवडता आणि मुलांचा नावडता उद्योग. सन आला की उत्तर बरोबर. त्या दिवशी घड्याळात किती वाजले होते, असे कधी कुणी विचारले नाही. विचारले असते तर "कुणाच्या घड्याळात?" असा उलट प्रश्न करावा लागला असता! आज अशा एका इतिहासाबद्दल लिहिते आहे, ज्यात सनाबरोबर तास, मिनिटे आणि सेकंदही लिहिलेले आहेत. तो कुठल्याही विद्यापीठात लिहिला गेलेला नाही. संगणकवाल्यांनी आपल्या सोयीसाठी तो लिहिला, आणि १९८६ पासून त्याच्या दुरुस्त्या चालू आहेत.

आपल्या मोबाइलला न्यूयॉर्कमध्ये किती वाजले हे कसे कळते? बहुतेक संगणकांच्या पोटात वेळ म्हणजे एक मोठी संख्या असते. १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद उलटले, ती. त्या संख्येवरून पुण्याचे किंवा पॅरिसचे घड्याळ काढायचे तर एक तक्ता लागतो. कुठला देश ग्रिनिचच्या किती पुढे वा मागे, उन्हाळ्यात कोण घड्याळ तासभर पुढे करतो, कधीपासून आणि कधीपर्यंत, हे सगळे त्यात हवे. असा तक्ता अमेरिकेत आर्थर डेव्हिड ओल्सन या गृहस्थांनी १९८६ च्या सुमारास जमवायला घेतला. ते तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत संगणकाचे काम करत, आणि हा तक्ता बरीच वर्षे त्या संस्थेच्याच एका संगणकावर राहिला. पुढे पॉल एगर्ट यांनी त्याची धुरा सांभाळली. त्याला टाइमझोन डेटाबेस म्हणतात. तो कुणाच्या मालकीचा नाही. कुणीही फुकट घ्यावा, वापरावा. लिनक्स, अँड्रॉइड, अ‍ॅपलचे फोन या सगळ्यांच्या आत तोच बसलेला आहे.

तक्ता एकदा केला की झाले, असे वाटेल. पण राज्यकर्त्यांना घड्याळाशी खेळायची भारी हौस! नेपाळने १९८६ मध्ये आपली वेळ भारताहून पंधरा मिनिटे पुढे नेली. सामोआ या बेटांच्या देशाने २०११ मध्ये तारीखरेषा ओलांडली आणि ३० डिसेंबर हा दिवसच गाळून टाकला. गुरुवारी झोपलेली माणसे शनिवारी उठली. लेबनॉनची कथा तर मार्च २०२३ ची. उन्हाळी वेळ सुरू व्हायला दोन-तीन दिवस असताना सरकारने ती रमझानसाठी पुढे ढकलली. देशातल्या काही लोकांनी ते मानले नाही, आणि एकाच गावात दोन घड्याळे चालू लागली. शेवटी सरकारने निर्णय फिरवला. तक्त्याच्या आवृत्तीला सन आणि एक अक्षर असे नाव असते. त्या आठवड्यात एक आवृत्ती निर्णय नोंदवायला काढावी लागली, आणि लगेच दुसरी तो रद्द झाल्याचे नोंदवायला.

अशी ही नेहमीची, नीरस कामे. यांची बातमी होत नाही. बरोबर झाली तर कुणाला कळतही नाही. चुकली तर मात्र कुणाचे विमान चुकते, कुणाचा गजर तासभर आधी वाजतो. घरातल्या बाईच्या कामासारखेच म्हणा ना!

मला मात्र यातला जुना भाग जास्त ओढून घेतो. तक्ता म्हणजे साधी मजकुराची फाइल आहे. तिच्यात यंत्रासाठी आकड्यांच्या ओळी असतात आणि त्यांच्यामध्ये माणसांसाठी टिपा. यंत्र टिपा ओलांडून पुढे जाते. त्या टिपांत ही माहिती कुणी दिली, कधी दिली, कुठल्या ग्रंथात वा वर्तमानपत्रात मिळाली, शंका कुठे आहे, हे लिहिलेले असते. चुकीचे निघाले की ओळ बदलतात आणि का बदलली ते लिहून ठेवतात. पूर्वीच्या आवृत्त्याही जपलेल्या असतात, म्हणजे आधी काय समज होता तेही पाहता येते. आमच्या जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असायचे, 'अमुक पान, अमुक ओळ, अशुद्ध, शुद्ध'. तसे हे चाळीस वर्षे वाढत चाललेले शुद्धिपत्र.

भारताची नोंद 'आशिया/कोलकाता' या नावाखाली आहे. (विभागातले सर्वांत मोठ्या लोकवस्तीचे शहर निवडायची पद्धत होती, म्हणून दिल्ली वा मुंबई नाही. 'कलकत्ता' हे जुने नावही जुन्या यंत्रांसाठी चालू ठेवलेले आहे.) पूर्वीच्या आवृत्त्यांत असे दिसे की कलकत्त्याची स्थानिक वेळ १९४१ पर्यंत चालली आणि मग काही महिने ब्रह्मदेशाची वेळ आली. पुढे ते बदलले. आता तिथे १८७० पासून मद्रास वेळ, १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ आणि महायुद्धात दोन वेळा तासभर पुढे केलेले घड्याळ अशी क्रमवारी दिसते. युद्धातली ती वाढीव वेळ १५ ऑक्टोबर १९४५ ला संपली. सोबत एप्रिल २०१७ ची एगर्ट यांची टीप आहे. हिंदुस्थानातल्या जुन्या वेळांचा छडा लावणे किती कठीण, असा तिचा सूर आहे. तिथेच १८९९ च्या एका निबंधाचा आधार दिला आहे. मुंबईकर आणि कलकत्तेकर दोघेही मद्रासला खालच्या पायरीवर समजतात, म्हणून मद्रासची वेळ घ्यायला तयार नाहीत, असे त्या निबंधकाराचे म्हणणे. वाचून हसू आले. माणसे तीच!

ही मद्रास वेळ काय प्रकार? पाचवीचा भूगोल आठवा. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. मद्रासच्या वेधशाळेच्या रेखांशावरून तिथली वेळ ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटे १० सेकंद पुढे. मुंबईची ४ तास ५१ मिनिटे पुढे. कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटे २० सेकंद. रेल्वे आणि तारखाते मद्रासच्या वेळेने चाले, आणि शहरे आपापल्या सूर्याने. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी (आपल्या पुण्याच्या कॉलेजचे नाव ज्यांच्यावरून, तेच) मुंबईवर मद्रास वेळ लादून पाहिली. मुंबईकरांनी ती पचू दिली नाही. १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली.

मग १९०६ आले. साडेब्याऐंशी अंशांच्या, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावरून साडेपाच तासांची प्रमाणवेळ ठरली. मुंबईचे घड्याळ त्यामुळे ३९ मिनिटे पुढे जाणार होते. साहेबाच्या दृष्टीने हा कागदावरचा आकडा. पण गिरणी कामगाराला भोंगा घड्याळाप्रमाणे वाजणार, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी कामावर उभे राहायचे. अंधारात उठायचे, अंधारात निघायचे. जानेवारी १९०६ मध्ये हजारो कामगारांनी याविरुद्ध दंगा केला. महापालिकेनेही मुंबई वेळच धरून ठेवली. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे या शहरात दोन वेळा नांदल्या. आगगाडी प्रमाणवेळेने सुटे आणि शहरातली कित्येक घड्याळे मुंबई वेळ दाखवत. मुंबई वेळ संपली ती १९५५ मध्ये, स्वातंत्र्यानंतर आठ वर्षांनी. लग्नपत्रिकेत मुहूर्तापुढे कंसात 'स्टँ. टा.' छापत, ते उगाच नव्हते.

आता आमच्या घरातले सांगते. माझ्या ताईचा जन्म मे १९४७ चा, गिरगावातला. आईने वहीत लिहून ठेवले आहे, 'सकाळी ५-४०, मुं. टा.' मुं. टा. म्हणजे मुंबई टाइम. अमेरिकेतल्या भाच्याने हौसेने संगणकावर तिची पत्रिका मांडली. ठिकाण मुंबई, वेळ ५-४०. यंत्राने ती प्रमाणवेळ धरली. त्याच्या तक्त्यात १९०६ नंतर मुंबईला दुसरी वेळच नाही! खरी प्रमाणवेळ ६-१९ येते. ३९ मिनिटांत लग्न साधारण दहा अंश सरकते. माझा पत्रिकेवर विश्वास नाही, त्यामुळे ताईचे नशीब बदलले असे काही मी म्हणणार नाही. पण आई सांगायची, "बाळ रडलं तेव्हा नुकतं ऊन आलं होतं." मे महिन्यात मुंबईचा सूर्य प्रमाणवेळेने सहानंतर उगवतो. ५-४० ला ऊन कुठले? संगणकाच्या हिशेबात माझी आई खोटी ठरते, आणि ती खरे सांगत होती. मला महत्त्व आहे ते याचे.

पत्रिकेवरून आठवले. या तक्त्यावर सर्वांत मोठे संकट आले तेही ज्योतिषामुळेच! जुन्या काळाच्या पुष्कळ नोंदी थॉमस शँक्स यांच्या जागतिक अ‍ॅटलासवरून घेतलेल्या होत्या. हा ग्रंथ ज्योतिषांच्या उपयोगाचा. त्याचे हक्क आपल्याकडे आहेत असे म्हणत 'अ‍ॅस्ट्रोलेब' या ज्योतिषाची सॉफ्टवेअरे विकणाऱ्या अमेरिकन कंपनीने ३० सप्टेंबर २०११ ला ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर खटला भरला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तक्ता त्याच्या जुन्या जागेवरून उतरवावा लागला. जगभरची यंत्रे ज्याच्यावर चालतात, ती गोष्ट दोन माणसांच्या खांद्यावर होती, हे तेव्हा लोकांच्या लक्षात आले. काही दिवसांतच इंटरनेटची नावे आणि क्रमांक सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेने तक्ता आपल्या छत्राखाली घेतला. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने खटला मागे घेतला. ऐतिहासिक तथ्ये कुणाच्याच मालकीची नसतात हे आपल्याला पटले, असे सांगून दिलगिरीही व्यक्त केली. हे वाक्य इतिहासाच्या प्रत्येक वर्गात लावावे असे आहे.

मग मुंबई वेळ तक्त्यात का नाही? कुणी आकसाने वगळली का? तसे नाही. तक्त्याचा नियम असा की १९७० नंतर ज्या भागांची घड्याळे एकसारखी चालली, त्यांना एकच नोंद. त्याआधीचा भाग जमेल तसा दिलेला, आणि तो भरवशाचा नाही हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. हा नियम २०२२ मध्ये युरोपलाही लागला. ओस्लो, स्टॉकहोम, कोपनहेगन यांच्या नोंदी बर्लिनला जोडल्या गेल्या आणि त्यांचा १९७० पूर्वीचा तपशील एका वेगळ्या फाइलमध्ये गेला. आपण जुने सामान माळ्यावर टाकतो तसा. त्यावर बरीच नाराजी झाली. आमच्या देशाचा इतिहास माळ्यावर का, असा लोकांचा प्रश्न. सांभाळणाऱ्यांची बाजू अशी की काही देशांना जुन्या इतिहासाचा मान आणि बाकीच्यांना नाही, हा पंक्तिप्रपंच का?

मला दोन्ही बाजू पटतात, आणि म्हणूनच हा प्रश्न सोपा नाही. एका ओळीत एकच घड्याळ मावते. एकाच शहरात गिरणीचे, रेल्वेचे आणि महापालिकेचे घड्याळ वेगळे चालत असेल, तर यंत्राला त्यातले एक निवडावेच लागते. सहसा निवडले जाते ते सरकारचे. भोंग्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या कामगारांना आकड्यांच्या ओळीत जागा नाही. पण टिपांत आहे! १९०६ च्या त्या दंग्याची हकीकत भारताच्या नोंदीवर टिपेत दिलेली आहे. यंत्र ती वाचत नाही. मी वाचली.

म्हणून मला या दुरुस्त्या करणाऱ्या माणसांबद्दल आदर वाटतो. आपल्याकडे इतिहासातली एक ओळ बदला म्हटले की लोक अंगावर येतात. इथे पुरावा आणला की ओळ बदलते, आणला त्याचे नाव टिपेत लागते, आणि उद्या त्याहून चांगला पुरावा आला तर तीही बदलते. जुन्या पत्रांच्या शेवटी आपण 'चू. भू. द्या. घ्या.' लिहीत असू. ही मंडळी ते नुसते लिहीत नाहीत, त्याप्रमाणे वागतात.

नातेवाइकांना एक विनंती. आपापल्या घरातल्या जुन्या वह्या, जन्मटिपणे, लग्नपत्रिका रद्दीत देऊ नका. १९५५ च्या आधीच्या कुठल्याही मुंबईच्या कागदावर वेळेपुढे 'मुं. टा.' किंवा 'स्टँ. टा.' लिहिलेले असेल, तर फोटो काढून ठेवा आणि कुणाचा कागद, कुठल्या गल्लीतला, तेही मागे लिहा. ताईच्या नावापुढे आईची टीप मी नव्या वहीत उतरवून घेतली आहे. ५-४० मुंबई वेळ, म्हणजे ६-१९ प्रमाणवेळ, आणि कारण म्हणून, 'नुकतं ऊन आलं होतं'.