डब्यावर लिहिलेले आणि न लिहिलेले

ठाणे-बेलापूर रस्त्यावरून तुर्भ्याच्या बाजूला जाताना पावणे गाव लागते. मूळ वस्ती आगरी-कोळ्यांची. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, खाडीच्या या काठावर टीटीसी औद्योगिक पट्टा उभा राहिला आणि भातखाचरांच्या जागी रसायनांचे, रंगांचे, औषधांचे कारखाने आले. कोकणातून, मराठवाड्यातून, उत्तरेतून माणसे आली. त्यांत आमचे एक मामूही होते. तीस वर्षे त्यांनी पावण्याच्या एका रासायनिक कारखान्यात पिंपे मोजली.

मामूंची शिस्त आम्हाला ठाऊक होती. लेबल नसलेले पिंप ते गोदामात घेत नसत. आत काय आहे, बॅच नंबर कोणता, कधी बनले, अंगावर सांडले तर काय करायचे, हे सारे लिहिलेले असल्याशिवाय सही नाही. आणि याच मामूंच्या घरात, गुडघेदुखीसाठी, एक पांढरा प्लॅस्टिकचा डबा होता. त्यावर एक चमकदार कागद चिकटवलेला. ‘शंभर टक्के जडीबुटी, साइड इफेक्ट नाही’ एवढेच. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, घटक नाहीत. कुणीतरी मशिदीबाहेर दिला, कुणाला तरी गुण आला होता, म्हणून तो घरात आला.

गुण आला, हे खरे. आठ दिवसांत मामू जिने चढू लागले. वर्षभरात चेहरा गोल सुजला, साखर वाढली. पुरवठा बंद झाला तेव्हा चार दिवसांत ते कोसळले. रुग्णालयातील डॉक्टरांनी अंदाज सांगितला की पावडरीत स्टेरॉइड मिसळलेले असावे. असे औषध दीर्घकाळ घेतले की शरीर आपले स्वतःचे संप्रेरक बनवणे कमी करते आणि ते एकाएकी थांबवले तर जिवावर बेतते. मामू वाचले, पण साखरेच्या गोळ्या कायमच्या मागे लागल्या.

आम्ही डबा दोष द्यायला हातात घेतला, तेव्हा लक्षात आले की दोष देण्यासाठी त्यावर कुणाचे नावच नव्हते. तेव्हापासून आम्ही एक साधा प्रश्न घेऊन जुनी पाने चाळत आहोत. औषधाबद्दलची खरी माहिती सामान्य माणसाला कोण देत होते, आणि आज कोण देते?

सुरुवात आपल्याच एका आडनावापासून करू. महाराष्ट्रात अत्तार आडनावाची कितीतरी मुस्लिम कुटुंबे आहेत. अत्तार म्हणजे फक्त सुगंधी तेले विकणारा असे आज वाटते. पण अरबी-फारसी व्यवहारात अत्तार हा औषधी वनस्पतींचाही व्यापारी होता. हकिमाने नुस्खा लिहायचा आणि अत्ताराने तो बांधून द्यायचा. म्हणजे गिऱ्हाइकाचा सारा विश्वास त्या एका तराजूवर.

तो तराजू सरळ राहावा म्हणून मुस्लिम नगरांत मुहतसिब नावाचा अधिकारी होता. बाजारातील वजनमापे, भेसळ, कारागिरी पाहणे हे त्याचे काम. बाराव्या शतकात शामदेशात अश-शैझरी यांनी मुहतसिबासाठी मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात औषधविक्रेत्यांवर वेगळे लिखाण आहे: कोणत्या औषधात काय मिसळले जाते आणि ते कसे ओळखावे. भेसळ ही आजची गोष्ट नाही, तसे तिच्यावर पहारा ठेवणेही आजचे नाही.

त्याआधी अकराव्या शतकात इब्न सिना यांनी ‘अल-कानून’मध्ये औषध पारखण्याचे नियम घालून दिले. औषध शुद्ध असावे. गुंतागुंतीच्या नव्हे, एकाच आजारावर ते तपासावे. गुण नेमका केव्हा आला ते पाहावे. तो पुन्हा पुन्हा येतो का ते पाहावे. आणि जनावरावर चालले म्हणून माणसावर चालेलच असे मानू नये. ‘मला गुण आला’ हे वाक्य इब्न सिनांच्या दृष्टीने पुरावा नव्हता. ती चौकशीची सुरुवात होती.

येथे एक नाजूक मुद्दा स्पष्टपणे मांडला पाहिजे. कलौंजी, मध, हिजामा यांच्या जाहिरातींत आज धर्माचा आधार घेतला जातो. चौदाव्या शतकातील इब्न खल्दून हे काही धर्मविरोधी लेखक नव्हते. ते काजी होते. त्यांनी ‘मुकद्दिमा’मध्ये लिहून ठेवले आहे की पैगंबर शरियत शिकवण्यासाठी आले, वैद्यक शिकवण्यासाठी नव्हे, त्या काळच्या उपचारांचे उल्लेख हा अरबांच्या रूढ व्यवहाराचा भाग आहे. शिवाय हदीस-संग्रहांतच असा आदेश आढळतो की ज्याला वैद्यकाचे ज्ञान नाही त्याने उपचार केला तर नुकसानीला तोच जबाबदार. श्रद्धेने कलौंजी खाणाऱ्याशी आमचे भांडण नाही. मधुमेहाची गोळी बंद करून कलौंजी घ्या असे सांगणाऱ्याशी आहे.

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. पावण्यापासून फार दूर नसलेल्या पनवेलला 1872 साली ‘श्री धूतपापेश्वर’ हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू झाला. दिल्लीत 1906 साली हकीम अब्दुल मजीद यांनी ‘हमदर्द’ काढले. वैद्य-हकिमाच्या खलातील औषध बाटलीत आणि डब्यात आले. हा बदल मोठा होता. पूर्वी औषध देणारा समोर असायचा. आता त्याच्या जागी लेबल आले. माणसाला प्रश्न विचारता येतो, लेबलाला विचारता येत नाही. म्हणून लेबलावर काय लिहायचे हे ठरवणारा कायदा लागणार होता.

तो टप्प्याटप्प्याने आला. मद्रास प्रांतात मुहम्मद उस्मान यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1923 साली देशी वैद्यकपद्धतींवर अहवाल दिला. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या औषध चौकशी समितीने 1931 मध्ये बाजारातील औषधांच्या दर्जाचा प्रश्न मांडला. मुंबई प्रांतात 1938 च्या कायद्याने वैद्य-हकिमांच्या नोंदणीची व्यवस्था झाली. 1940 साली औषध कायदा झाला, पण त्यात आयुर्वेद-युनानी औषधांच्या निर्मितीवर देखरेख नव्हती. ती 1964 च्या दुरुस्तीने आली. म्हणजे जवळजवळ पाव शतक हकिमाची पदवी तपासली जात होती, त्याची बाटली नाही.

याच काळात एक उजळ गोष्टही घडली. हकीम अजमल खान यांच्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन फेब्रुवारी 1921 मध्ये गांधीजींच्या हस्ते झाले. गांधीजींनी तेथे केवळ कौतुक केले नाही. आधुनिक शास्त्रज्ञांची शोधवृत्ती वैद्य-हकिमांत दिसत नाही, हे त्यांनी त्यांच्याच घरी जाऊन सांगितले. अजमल खान यांनी ते मनावर घेतले असे म्हणावे लागते, कारण त्यांच्या प्रेरणेने रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमाँ सिद्दीकी तेथे आले. 1931 साली सिद्दीकींनी सर्पगंधेच्या मुळीतून अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतील एकाला अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले.

पुढचा धागा मुंबईचा आहे. केईएम रुग्णालयाशी संबंधित डॉ. रुस्तम जाल वकील यांनी हीच सर्पगंधा उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना पद्धतशीरपणे देऊन, नोंदी ठेवून 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे केले आणि ते जगभर वापरले गेले. मग त्याचे दुष्परिणामही नोंदले गेले: नैराश्य, सुस्ती. ‘वनस्पतीचे आहे म्हणजे निरुपद्रवी’ या समजुतीला एवढे उत्तर पुरे. जी मुळी रक्तदाब उतरवू शकते ती मन खचवूही शकते. परिणाम आहे तेथे दुष्परिणामाची शक्यता आहेच.

आता जाहिरातीकडे. 1954 साली औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा झाला. ठरावीक आजार बरे करण्याची जाहिरात करण्यास त्याने बंदी घातली. त्याविरुद्ध ‘हमदर्द दवाखाना’ व इतर काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर 1959 मध्ये निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की मनाई असलेल्या औषधांची व्यापारी जाहिरात हे भाषणस्वातंत्र्य नव्हे; स्वतःच स्वतःचा इलाज करण्याच्या धोक्यापासून लोकांना वाचवणे हा कायद्याचा हेतू योग्य आहे. मात्र आजारांची यादी वाढवण्याचा सरकारला दिलेला मोकळा अधिकार आणि जप्तीची तरतूद न्यायालयाने रद्द केली. आम्हाला हा निकाल समतोल वाटतो. एका प्रतिष्ठित, धर्मादाय संस्थेची बाजू ऐकली गेली, आणि रोग्याचीही. 1963 मध्ये कायदा सुधारला गेला. त्याच्या परिशिष्टात आज 54 आजार आहेत. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा त्यांत आहेत. यांतील काहीही बरे करण्याची हमी देणारी जाहिरात दिसली तर आधी एवढेच समजावे की जाहिरातदार कायदा मोडत आहे.

कायदा आहे, अंमल ढिला आहे. आयुष औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी सक्तीची करणारा नियम 170 डिसेंबर 2018 मध्ये आला, 1 जुलै 2024 रोजी केंद्राने वगळला, 27 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट 2025 मध्ये ते प्रकरणच निकाली निघाले. 1954 चा कायदा मात्र जागेवर आहे.

ढिलाईची किंमत कोण मोजतो? डिसेंबर 2004 मध्ये अमेरिकी वैद्यक नियतकालिक ‘जामा’त एक पाहणी छापून आली. बोस्टन परिसरातील दक्षिण आशियाई किराणा दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यानंतर केंद्र सरकारने जानेवारी 2006 पासून निर्यातीच्या वनस्पतिजन्य औषधांना जड धातूंची तपासणी सक्तीची केली. परदेशी गिऱ्हाइकाची काळजी आधी घेतली गेली, ही बोच आमच्या मनातून जात नाही.

पण म्हणून आधुनिक औषधाची बाटली डोळे मिटून घ्यावी असेही नाही. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली आणि यंत्रणेचे वाभाडे काढले. प्रश्न पॅथीचा नाही. हा प्रश्न तपासणीचा आहे आणि ती लोकांना कळण्याचा आहे.

मग आमच्या मामूंनी काय पाहायला हवे होते? ‘फूड सप्लिमेंट’ म्हणून जे विकले जाते ते कायद्याने अन्न आहे. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली 2016 साली त्याचे नियम झाले. डब्यावर चौदा आकडी परवाना क्रमांक हवा, घटक व प्रमाण हवे, आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असे इंग्रजीत छापलेले हवे. हे वाक्य असलेला डबा जो विक्रेता आजार बरा करतो म्हणून देतो, तो डब्याच्याच विरुद्ध साक्ष देतो. युनानी वा आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवाना, बॅच क्रमांक, निर्मात्याचा पूर्ण पत्ता हवा. संखिया, शंगरफ यांसारखी विषारी द्रव्ये असतील तर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याचा इशारा हवा. महाराष्ट्रात या दोन्ही कायद्यांचा अंमल अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. अन्नाचा नमुना फी भरून तपासून घेण्याचा अधिकार कलम 40 खाली ग्राहकालाही आहे. औषधाने अपाय झाल्यास 1800-180-3024 वर आणि फसवणुकीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915 वर सांगता येते. आपल्या मुंबईत 1966 पासून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी आणि 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायत या कामात आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे 1995 पासूनचे आहारपूरक कार्यालय एकेका जीवनसत्त्वावर, वनस्पतीवर पुराव्यासह माहितीपत्रके काढते. तसे मराठीत, उर्दूत, साध्या शब्दांत कुणी काढील तर ते मोठे काम होईल. आपल्या राज्यात मालेगाव, पुणे, मुंबई येथे युनानी महाविद्यालये आहेत. तेथील तरुण हकिमांकडून आमची ही अपेक्षा आहे. अजमल खान यांचा वारसा केवळ दवाखान्याच्या पाटीवर राहू नये.

‘नीम हकीम खतरे जान’ ही म्हण आपल्या घराघरांत आहे. ती आपण दुसऱ्याला सांगतो आणि स्वतः मशिदीबाहेरचा डबा घरी आणतो. कारण उघड आहे. गरिबाला तज्ज्ञाची फी परवडत नाही, सरकारी रुग्णालयात दिवस मोडतो, आणि डबा देणारा आपल्या भाषेत दोन मिनिटे आपुलकीने बोलतो. ही आपुलकी खऱ्या माहितीला मिळवून द्यावी लागेल. नुसत्या कायद्याने ते होणार नाही.

मामू आता निवृत्त आहेत. मागच्या ईदला आमच्याकडे कुणीतरी सांधेदुखीची नवी बाटली आणली. मामूंनी चष्मा लावला, बाटली उजेडात धरली, चारी बाजूंनी फिरवली आणि परत दिली.

“पावण्यात असं पिंप आलं असतं ना,” ते म्हणाले, “तर मी गाडी गेटवरूनच परत पाठवली असती.”