चाबुआ आणि रांगेचं गणित

सध्या माझं पोस्टिंग अप्पर आसामात आहे. इथे दिब्रुगड जिल्ह्यात चाबुआ नावाचं गाव आहे. चहा जिथे रोवला ते चाबुआ, असं इथली माणसं सांगतात. आज तिथे आपल्या वायुदलाचा तळ आहे. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेशातला रस्ता तोडला आणि चीनला जाणारी रसद चाबुआ आणि आसपासच्या तळांवरून विमानांनी कुनमिंगला जाऊ लागली. वाटेतल्या डोंगररांगांना वैमानिक ‘हंप’ म्हणजे वशिंड म्हणत. पाचशेहून जास्त विमानं त्या वाटेवर गेली. (हे तळ बांधायला चहामळ्यांतले मजूर आणले होते. पुस्तकांत त्यांच्या वाट्याला फार तर एक ओळ येते.)

हंपच्या गोष्टी बहुतेक वादळांच्या आणि धाडसाच्या असतात. मला त्यातला हिशेब जास्त ओढतो. शिपायाचं निम्मं आयुष्य राशन, इंडेंट आणि गाड्यांच्या हिशेबात जातं, म्हणूनही असेल.

सप्टेंबर १९४४ मध्ये विल्यम टनर या अमेरिकन अधिकाऱ्याने सूत्रं घेतली. त्याने तपासणीची पद्धत बदलली. विमान एका थांब्यावरून पुढच्या थांब्यावर ओढत न्यायचं आणि प्रत्येक थांब्यावर एकाच कामात मुरलेले मिस्त्री ठेवायचे. यातला फायदा साध्या गुणाकाराने कळतो. समजा, रोज ६ विमानं तपासणीला येतात आणि प्रत्येकाला ४ दिवस लागतात. मग कुठल्याही दिवशी २४ विमानं जमिनीवरच असणार. तेच काम एका दिवसात उरकलं, तर फक्त ६. एकही नवं विमान न मागवता १८ विमानं मोकळी झाली! रांगेची लांबी म्हणजे येण्याचा वेग गुणिले अडकून राहण्याचा काळ. जॉन लिटल यांनी हे रीतसर सिद्ध केलं ते पुढे १९६१ मध्ये.

माणसांचा हिशेब मात्र इतका सरळ नव्हता. ६५० तास उड्डाण झालं की घरी, असा नियम होता. मग पोरं रात्रंदिवस उडून चार-पाच महिन्यांत तास भरायची आणि थकव्याने अपघात व्हायचे. टनरने ७५० तास आणि शिवाय किमान एक वर्ष अशी अट घातली. घाई करून काही मिळेना, तेव्हा लोक झोपायला लागले. वैमानिकांनी त्याला शिव्या घातल्या असतील, पण मला हा निर्णय तपासणीच्या बदलाहून मोठा वाटतो. डिसेंबर १९४३ मध्ये महिन्याचा माल दहा हजार टनांच्या वर होता. जुलै १९४५ मध्ये तो ७१ हजार टनांवर गेला, आणि अपघातांचं प्रमाण उतरलं.

१९४७ मध्ये अमेरिकन वायुदलासाठी काम करणाऱ्या जॉर्ज डँट्झिग यांनी असल्या वाटपाची गणितं सोडवण्याची ‘सिम्प्लेक्स’ रीत काढली. पुढच्याच वर्षी बर्लिनची नाकेबंदी झाली आणि तिथल्या हवाई रसदीसाठी टनरलाच बोलावलं. १९४९ मध्ये डँट्झिग आणि मार्शल वुड यांनी आपली रीत लोकांपुढे मांडली, तेव्हा उदाहरण म्हणून घेतली ती बर्लिनचीच रसद.