मंत्रालयातली जाळी आणि आपला शिर्डी मतदारसंघ

शिर्डी म्हटलं की तुम्हाला समाधी मंदिराची रांग आठवते. पण शिर्डी हा लोकसभेचा मतदारसंघही आहे. नकाशा उघडून बघा. गोदाकाठच्या कोपरगावच्या उसापासून तो थेट अकोले तालुक्यातल्या कळसूबाईपर्यंत जातो. (अकोले हं, विदर्भातलं अकोला नाही. दर वेळी सांगावं लागतं.) शिर्डीचे आमदार राधाकृष्ण विखे पाटील आणि आदिवासींसाठी राखीव असलेल्या अकोल्याचे आमदार डॉ. किरण लहामटे. आजची गोष्ट या दोघांच्या बाबतीत घडलेल्या दोन प्रसंगांची. दोन्हींत अंतर साधारण तेरा महिन्यांचं, आणि प्रश्न एकच.

पहिला प्रसंग ८ सप्टेंबर २०२३ चा. सोलापूरच्या शासकीय विश्रामगृहात विखे पाटील निवेदन घेत होते. धनगर आरक्षणासाठी आलेल्या एका कार्यकर्त्याने खिशातून भंडारा काढला आणि थेट त्यांच्या डोक्यावर उधळला. त्या कार्यकर्त्याला तिथेच मारहाण झाली. व्हिडिओ तुम्ही बघितला असेलच. नंतर विखे पाटील म्हणाले की भंडारा पवित्र असतो, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. म्हणजे निषेध करणाऱ्याचा व्हिडिओ झाला, आणि मंत्र्यांचा मोठेपणाही दिसला.

दुसरा प्रसंग ४ ऑक्टोबर २०२४ चा. विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून खालच्या जाळीवर उतरले. सोबत आपले लहामटे, हिरामण खोसकर, राजेश पाटील हे आमदार आणि पालघरचे खासदार हेमंत सवरा. धनगरांना अनुसूचित जमातीत घेऊ नका आणि पेसा क्षेत्रातली भरती करा, या त्यांच्या मागण्या. जाळीवर बसून घोषणा दिल्या. गंमत अशी की झिरवाळ, लहामटे आणि सवरा हे तिघेही तेव्हा सत्ताधारी पक्षांचे. स्वतःच्याच सरकारविरुद्ध, स्वतःच्याच सरकारच्या इमारतीत उडी. आणि निवडणूक तोंडावर. अकराच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, तारखा जाहीर झाल्या.

आता ती जाळी तिथे का होती, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातले शेतकरी धर्मा पाटील यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून शेवटी मंत्रालयातच विष घेतलं. फेब्रुवारीत एका माणसाने वरच्या मजल्यावरून उडी मारून जीव दिला. त्यानंतर ती जाळी बसवली. ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं त्यांच्यासाठी ती होती. २०२४ मध्ये तिच्यावर बसलेले लोक मात्र स्वतःच आमदार-खासदार होते.

मूळ वाद तर एका अक्षराचा आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ओरावनच्या शेजारी 'धनगड' असा शब्द आहे. धनगर नेत्यांचं म्हणणं, धनगड म्हणजेच धनगर, 'र'चा 'ड' झाला. आदिवासी नेत्यांचं म्हणणं, या दोन वेगळ्या जमाती. आज धनगरांना भटक्या जमातींत साडेतीन टक्के आहेत, आदिवासींना सात. १६ फेब्रुवारी २०२४ ला मुंबई हायकोर्टाने धनगरांच्या बाजूच्या याचिका फेटाळल्या.

आणि खरी मेख पुढे आहे. राज्यघटनेच्या ३४२ व्या कलमानुसार ही यादी बदलायची तर संसदेत कायदा करावा लागतो. राज्य सरकार फार तर शिफारस करू शकतं. यादी जशी आहे तशीच वाचायची, हे सुप्रीम कोर्टाने २८ नोव्हेंबर २००० ला मिलिंद खटल्यात सांगून टाकलंय. तो खटला हलबा-कोष्टींचा. मग २०१४ मध्ये बारामतीच्या उपोषणाच्या मंडपात देवेंद्र फडणवीसांनी 'पहिल्याच कॅबिनेटमध्ये' आरक्षणाचं आश्वासन दिलं, ते कशाच्या जोरावर? ज्या ठिकाणी निर्णय होतच नाही, तिथलं वचन. आणि दहा वर्षांनी त्याच ठिकाणी, तो निर्णय होऊ नये म्हणून उडी! लहामटेंना खरंच यादीची चिंता होती तर दिल्लीचा रस्ता मोकळा होता. जाळीवर तर एक खासदारच बसले होते.

पेसाचं तसं नव्हतं, ते सरकारच्या हातात होतं. त्यासाठी ऑगस्टमध्येच नाशिकला माजी आमदार जे. पी. गावित उपोषणाला बसले होते. उमेदवार महिनोन्‌महिने रस्त्यावर होते. पुढे मानधनावर नेमणुका देण्याचं ठरलं. पण रील कोणाचं फिरलं? उडीचं.

मला दोन्ही बाजूंच्या लोकांचा राग येत नाही. पावसाळा संपला की मेंढरं घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगराच्या मुलीची शाळा बुडते, हे खरंच आहे. भंडारदऱ्याच्या वरच्या वाड्यांमधली परिस्थितीही आपण बघतो. पण जात पडताळणीत आदिवासी न ठरलेल्यांनी आदिवासींच्या जागांवर मिळवलेल्या नोकऱ्यांचा प्रश्न घ्या. सरकारी आकड्यानुसार अशी सुमारे १२,५०० पदं. २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने त्या लोकांना अधिसंख्य पदांवर हलवायचं आणि रिकाम्या जागा खऱ्या आदिवासींमधून भरायच्या, असं ठरलं. ही फाइल हलवायला उडी लागत नाही, पाठपुरावा लागतो. त्याचा व्हिडिओ होत नाही.

नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली. विखे पाटील, लहामटे, झिरवाळ तिघेही निवडून आले. विखे पाटील पुन्हा मंत्री झाले, झिरवाळही मंत्री झाले.

अकोल्याकडचा माझा एक मित्र स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. हा एपिसोड करायच्या आधी त्याला फोन केला. म्हटलं, ती उडी आठवते का? "न आठवायला काय झालं," तो म्हणाला, "स्टेटसला ठेवली होती मी." मग जरा थांबून म्हणाला, "त्या साडेबारा हजारातल्या सगळ्या जागांच्या जाहिराती कधी येणार, ते काढ ना शोधून."