वेलीनं बदललेला रंग आणि बेशरमीनं भरलेली बोडी

मंडळी, नागझिऱ्याच्या या दाराशी, चोरखमाऱ्यात, वाघावर बोलायचं सोडून मी एका वेलीवर बोलणार आहे. हसू नका. त्या वेलीचे नातलग तुमच्या घरातच आहेत. उपासाचं रताळं तिचं, पाण्याकाठची नाळीची भाजी तिची, कुंपणावरची लाल गणेशवेल तिची. आणि बोडीच्या काठावर गुलाबी भोंगे लावून उभी असलेली बेशरम, तीही याच घरातली. इंग्रजीत ज्याला मॉर्निंग ग्लोरी म्हणतात ती आपली नीलपुष्पी. तिचं बी म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानातला काळा दाणा. जुलाबाचं औषध.

इतिहास या जुलाबापासूनच सुरू होतो. हजार-बाराशे वर्षांपूर्वी हे बी चीनमधून जपानला गेलं ते औषध म्हणून. तिथे वैद्याच्या वाफ्यातून वेल अंगणात आली. जपानी लोक तिला 'आसागाओ' म्हणतात, म्हणजे सकाळचा चेहरा. कित्येक शतकं फूल साधं, निळंच होतं. पुढे 1806 साली एदो शहराला, म्हणजे आजच्या टोकियोला, मोठी आग लागली. जळलेल्या मोकळ्या जागांवर माळ्यांनी ही वेल लावली आणि तिथून वेड पसरलं, असं सांगतात. कमी पगाराचे सामुराईसुद्धा जोडधंदा म्हणून कुंड्या विकू लागले. तलवार कमरेला आणि हातात झारी! टोकियोच्या इरिया भागात जुलैच्या 6 ते 8 तारखेला अजून या फुलांचा बाजार भरतो.

पण लोक वेडे झाले ते साध्या फुलासाठी नाही. अधूनमधून एखादी वेल विचित्र निघे. पाकळ्या चिरलेल्या, दोऱ्यासारख्या बारीक, पानं वळलेली, पांढऱ्या फुलावर निळे शिंतोडे. काही फुलं इतकी भरगच्च की ती याच वेलीची आहेत हे सांगावं लागे. त्यांची चित्रांची पुस्तकं निघाली, स्पर्धा लागल्या. एक लाट 1804 ते 1830 च्या सुमाराची, दुसरी 1850 च्या आसपासची.

आता खरी अडचण ऐका. भरगच्च फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. परागच नाहीत तर बी कुठून येणार? सगळ्यात सुंदर वेल वांझ. दरवर्षी ती मरणार, मग पुढच्या वर्षी आणायची कुठून?

त्या माळ्यांनी काय केलं, तर तिच्या साध्या दिसणाऱ्या सख्ख्या बहिणी जपल्या. एकाच आईच्या बियांतून दहा रोपं आली, त्यातली दोन-तीन अजब निघाली, बाकीची साधी. या साध्यांतल्या काहींच्या पोटात तो गुण लपलेला असतो. त्यांचं बी वेगवेगळं ठेवायचं, वेगवेगळं पेरायचं आणि पुढच्या पिढीत कुणाच्या पोटी अजब रोप येतं ते बघायचं. एक लपलेला गुण हवा असेल तर चारांत एक रोप. दोन हवे असतील तर सोळांत एक, तीन हवे तर चौसष्टांत एक. म्हणून ते फूल येईपर्यंत थांबत नसत. पहिली दोन दळं फुटली की त्यांच्या आकारावरून रोप ओळखत आणि बाकीची उपटत. मेंडेलचा वाटाण्यावरचा निबंध छापला 1866 साली. यांच्याकडे निबंध नव्हता, बियांच्या पुड्या होत्या.

शिंतोडे कुठून येतात, याचं उत्तर 1994 साली मिळालं. वेलीच्या जनुकांत उड्या मारणारे तुकडे आहेत. रंगाच्या जनुकात असा तुकडा घुसला की रंग बंद, फूल पांढरं. वाढत्या पाकळीत एखाद्या पेशीतून तो निघून गेला की तेवढ्यापुरता रंग परत. त्या पेशीच्या लेकी-नाती मिळून एक निळी रेघ होते. मक्याच्या दाण्यांवर असंच बघून बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी उड्या मारणारी जनुकं ओळखली होती. त्यांना 1983 साली नोबेल मिळालं.

रंग बदलणं ही वेगळी गोष्ट. निळ्या मॉर्निंग ग्लोरीची कळी जांभळट असते, पहाटे उमलताना ती आकाशी होते. रंगद्रव्य तेच राहतं, फक्त पेशीतला रस आम्लाकडून क्षाराकडे सरकतो. 1995 साली मोजलेला आकडा आहे: पीएच 6.6 वरून 7.7. हळदीचा डाग साबणानं लाल होतो ना, त्याच जातीचं हे काम. कोमेजताना फूल पुन्हा गुलाबीकडे झुकतं.

मी स्वतः लावून पाहिली. 'बहुरंगी' लिहिलेलं पाकीट आणलं आणि सगळी फुलं एकाच रंगाची आली. पैसे गेले. पण शिकलो: बी टणक असतं, थोडं घासून रात्रभर भिजत घालावं. खत जास्त झालं तर पानंच पानं. ही वेल दिवस लहान आणि रात्री मोठ्या होण्याची वाट बघते, म्हणून पावसाळ्यात लावली की भाद्रपद-आश्विनात रंगात येते. आणि बी पोरांच्या हाती लागू देऊ नका. शेवटी ते जुलाबाचंच.

आता बेशरमीकडे येतो. ती अमेरिकेतून आली, शोभेला आणि कुंपणाला. तिला कुणी जपावं लागत नाही. तोडलेला तुकडा चिखलात पडला की मुळं धरतो, पुरात वाहून गेला तर खालच्या बोडीत उगवतो. शेळ्यांना तिची चटक लागते आणि त्यात त्या खंगून मरतात.

चोरखमाऱ्याचा मोठा तलाव इंग्रजी अमदानीत पाटबंधाऱ्यासाठी बांधलेला. पण आजूबाजूच्या भंडारा-गोंदियातले असंख्य तलाव त्याहून जुने, कोहळी समाजानं बांधलेले. मालगुजाराच्या काळात पाळ आणि गाळाकडे गावाचं लक्ष असे. सक्तीही असे, ते दिवस काही सोन्याचे नव्हते. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले आणि पाळीवर फावडं कुणी मारायचं हा प्रश्न लोंबकळत राहिला. गाळ भरला, उथळ काठ उघडे पडले आणि बेशरमीला आयतं रान मिळालं. तिच्या गर्दीत पाण्यातल्या मूळच्या वनस्पती गेल्या, त्यांच्या आडोशाला वाढणारे देशी मासे कमी झाले आणि ढिवरांची जाळी हलकी झाली.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी ढिवरांबरोबर या जिल्ह्यात जे काम केलं, ते माळ्यांच्या कामासारखंच मला वाटतं. बेशरम नुसती कापली नाही, मुळासकट उपटली. मग ज्या तलावात पाणवनस्पती शिल्लक होत्या तिथून त्या आणून साफ केलेल्या तलावात लावल्या. कोणती वनस्पती किती खोल पाण्यात लागते आणि कोणता मासा तिच्यात राहतो, हे ढिवरांना तोंडपाठ होतं.

जपानात महायुद्धाच्या धामधुमीत वेलीचे कितीतरी वाण संपले. जे उरले ते काही हौशी लोकांनी आणि अभ्यासकांनी बी पेरत ठेवलं म्हणून. आज त्यांचा मोठा संग्रह क्यूशू विद्यापीठात आहे आणि 2016 साली या वेलीचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. आपल्या बोडीतल्या पाणवनस्पतींचं बी असं कुठल्या कपाटात ठेवलेलं नाही. ते शेजारच्या गावच्या तलावात आहे, जोवर तिथे बेशरम पोचली नाही तोवर.

प्रश्न असतील तर विचारा. आणि कुणाच्या कुंपणावर शिंतोड्यांची नीलपुष्पी दिसली असेल तर आधी ते सांगा, मी उद्या सकाळी फूल मिटायच्या आत येतो.